गोवर आलेला बॉल

बिल्डरच्या माणसाने सभेत उभं राहून सांगितलं, "नव्या बिल्डिंगमध्ये आपल्याला पूलही मिळणार," तेव्हा आमच्या चाळीत सरळ तीन तट पडले.

वयस्कर मंडळींना वाटलं, पूल म्हणजे पूल. चर्नी रोड स्टेशनवरून चौपाटीकडे उतरतो तसा. ठाकूरद्वारच्या नाक्यावर जीव मुठीत धरून रस्ता ओलांडण्यापेक्षा घरातून निघावं आणि थेट समुद्राच्या बाजूला उतरावं, या कल्पनेने ते इतके हरखले की एका आजोबांनी 'उतरायला सरकता जिना असावा' अशी उपसूचना मांडली. ती इतिवृत्तात आहे. मधल्या पिढीला वाटलं, पोहण्याचा तलाव. दुसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी त्याच संध्याकाळी पाण्यात घालायचा चष्मा आणि रबरी टोपी आणली. पुढची सहा वर्षं भाड्याच्या खोलीत ती टोपी त्यांच्या सौभाग्यवतींनी केसांना मेंदी लावल्यावर वापरली. तिसरा तट पोरांचा. त्यांना खरं काय ते कळलं होतं, पण गिरगावात सभेमध्ये पोरांना विचारायची पद्धत नाही.

२०१७ साली चाळ पाडली, २०२३ साली चाव्या मिळाल्या. सोसायटीच्या हॉलचं कुलूप उघडलं तर मधोमध हिरव्या कापडाचं, सहा भोकांचं, जाडजूड पायांचं एक टेबल उभं. करार काढून पाहिला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं : 'पूल, नग एक.' तलाव नगावर मोजत नाहीत हे आमच्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

पहिले काही महिने त्या टेबलाचा उपयोग बायकांनी केला. एवढं मोठं, कमरेइतकं उंच आणि कडेला कठडा असलेलं टेबल भाजी निवडायला फारच सोयीचं. मेथीची पानं मधे, देठं थेट भोकात, खाली जाळीची पिशवी टांगलेलीच. संध्याकाळी कोणीतरी सहाही पिशव्या रिकाम्या करायचं. गणपतीच्या दिवसांत त्यावर वर्गणीच्या पावत्या आणि प्रसादाच्या पुड्या मांडल्या गेल्या. कोणाला काही चुकतंय असं वाटलं नाही.

वाटलं ते आम्हा दोघांना. मी आणि माझा मित्र. चौकोनी पटांगण, कोपऱ्यात भोकं, मधे गोळा करून ठेवलेली सोंगट्यांची रास, आणि एकाने दुसऱ्याला ढकलून भोकात घालायचं. म्हणजे कॅरमच की हे! कॅरमला पाय फुटलेत आणि दोन पॉकेटं जास्त झालीत, एवढंच. आणि कॅरम म्हटलं की चाळीत आमची दोन नावं घेतली जायची.

नावं म्हणजे खरी नावं नव्हेत. आम्हाला आमच्या बसण्याच्या जागांवरून ओळखत. आमची गॅलरी चार फूट रुंद. कॅरमबोर्डाचं आतलं मैदान २९ इंचांचं, भोवतीची चौकट धरून जवळजवळ तीन फूट. बोर्ड रॉकेलच्या डब्यावर ठेवून कठड्याला टेकवला की भिंतीच्या बाजूला फूटभर वाट उरायची, आणि त्या वाटेनेच अख्ख्या मजल्याने ये-जा करायची. चौघांना बसायला जागाच नाही, म्हणून आमच्या मजल्यावर डबल्स हा प्रकार कधी जन्मालाच आला नाही. गॅलरीच्या लांबीत दोन पाट. एका पाटावर बसणाऱ्याच्या उजव्या हाताला लाकडी कठडा. समोरच्या पाटावर बसणाऱ्याचं तोंड उलट, म्हणून त्याच्या उजव्या हाताला भिंत, आणि भिंतीला टेकून पाण्याचं पिंप. मी लहानपणापासून कठडा. तो लहानपणापासून पिंप. 'आज कठडा जिंकला की पिंप?' असं लोक जिन्यात विचारत, आणि नव्याने आलेल्या भाडेकरूंना वाटे की चाळीत दुरुस्तीचं काम चाललंय.

वरती बल्ब, त्याला पत्र्याची टोपी, बोर्डावर बोरिक पावडर. सोंगटी जेमतेम ५ ग्रॅमची, स्ट्रायकर फार तर १५ ग्रॅमचा. हा तोल बोटाच्या पेरात बसवायला आमची दहा-बारा वर्षं गेली. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणपती बसला तेव्हापासून गिरगावात प्रत्येक चाळीला काही ना काही स्पर्धा भरवायचं व्यसन आहे. आमच्याकडे कॅरमची. बक्षीस स्टीलचा डबा. आमच्या घरात साखर, चहा, पोहे, रवा आणि दोन प्रकारच्या डाळी माझ्या कर्तृत्वात भरलेल्या असत.

तेव्हा हिरव्या टेबलाची आम्हाला भीती वाटण्याचं कारण नव्हतं. तसा हा खेळ आमच्या हद्दीतला नव्हे. ठाकूरद्वारहून रेल्वेचे रूळ ओलांडले की मरीन ड्राइव्हवर हिंदू, इस्लाम, पारशी अशा जिमखान्यांची रांगच लागते. चालत दहा मिनिटं. पण आमच्या वडिलांच्या पिढीला ते अंतर पुण्यापेक्षा लांबचं वाटे. पुण्याला निदान आत्या तरी होती. बिलियर्ड्स म्हणजे तिथल्या पंख्याखाली साहेब लोकांनी खेळायचं, आपण पेपरात वाचायचं. वाचायला मात्र भरपूर होतं. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यात जागतिक हौशी बिलियर्ड्सचं अजिंक्यपद मिळवलं. कुठल्याही वैयक्तिक खेळात जगज्जेता झालेला हा पहिला भारतीय. १९६४ साली न्यूझीलंडमध्ये जाऊन त्यांनी तेच पुन्हा केलं. मग आपल्या मुंबईचे मायकेल फरेरा : १९७७, १९८१, १९८३, असा तीनदा जगज्जेता. त्यांनी मिळालेली पद्मश्री नाकारली आणि पुढे पद्मभूषण घेतलं, याचं आमच्या वडिलांना त्यांच्या खेळापेक्षाही जास्त कौतुक होतं. चिराबाजारात पापलेट घेताना ते फरेरांचं उदाहरण देत. आणि स्नूकर तर आपल्याच जबलपूरला जन्मलं, १८७५ साली, पाऊस आणि कंटाळा यांतून, लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये. पावसाळ्यात बाहेर जाता येत नाही म्हणून आत बसून खेळ काढायचा, ही गोष्ट चाळीतल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

आम्ही खेळायला लागलो. पहिल्याच दिवशी मी सवयीने पांढऱ्या बॉलला बोटाने टिचकी मारली. कॅरमचा स्ट्रायकर १५ ग्रॅमचा आणि हा बॉल साधारण १७० ग्रॅमचा, हा फरक माझ्या नखाने आठवडाभर लक्षात ठेवला. मग क्यू हातात घेतली. सरळ समोरचा बॉल, सरळ समोर पॉकेट, मी सरळ मारला, आणि बॉल पॉकेटच्या ओठाला लागून आमच्याकडे पाहत उभा राहिला. पुन्हा तेच. पिंपाचंही तेच. तीन महिने आम्ही दोघं एकमेकांविरुद्ध इतके अटीतटीने हरत होतो की सामना संपायचाच नाही. हॉलची वेळ संपायची.

चुकण्याचं दुःख फार नव्हतं, कारण कॅरमवाल्याकडे सबबींचा साठा असतोच. कॅरममध्ये पावडर ओली असते, सोंगटीचा कंगोरा उडालेला असतो, बोर्डाला पोट आलेलं असतं, बल्ब हलतो, नेम धरताना कोणीतरी बादली घेऊन जातं. पूलमध्ये मला याहून वरच्या दर्जाच्या सबबी सापडल्या. "मी मुद्दाम थोडी स्पिन दिली होती, जरा जास्त झाली," असं म्हटलं की चुकलेला शॉटही अभ्यासपूर्ण वाटतो. खरं म्हणजे बॉल फिरला की नाही, फिरला तर कुठे, हे मलाच काय, ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. पांढऱ्या बॉलची हीच तर मौज. तो आमच्यासारखाच पांढरपेशा. आतून कितीही गरगरत असला तरी बाहेरून इस्त्रीचा.

ही मौज माझ्या भाच्याने संपवली. तो ठाण्याला राहतो, इंजिनियर आहे, पैसे देऊन तासावर पूल खेळतो. दिवाळीला आला तेव्हा त्याने आमचा सामना अर्धा तास गप्प बसून पाहिला. ठाण्याची माणसं इतका वेळ गप्प बसत नाहीत, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पुढच्या खेपेला त्याने एक डबी आणली. मला वाटलं, पेढे. डबीत बॉल होता. पांढराच, पण त्यावर सहा ठळक लाल ठिपके.

आई शहाऐंशी वर्षांची आहे. तिने चष्मा पुढे-मागे करून बॉल पाहिला आणि म्हणाली, "गोवर आलाय याला. कडुलिंबाचा पाला घाला आणि चार दिवस कोणाच्या संगतीत ठेवू नका." भाचा हसला नाही. म्हणाला, "आजी, अमेरिकेतही याला मीझल्सच म्हणतात." त्यावर आईने, गोवर कुठेही गेला तरी गोवरच, अशा अर्थाने मान हलवली.

ठिपके कुठे असतात ते सांगतो. सोंगट्यांचा फासा आठवा. त्याच्या सहा बाजूंच्या मध्यावर एकेक ठिपका द्या आणि मग फासा गोल झालाय असं समजा. झाला बॉल. बेल्जियममधला एक कारखाना अरामिथ या नावाने फिनॉलिक रेझिनचे बॉल बनवतो, ठिपक्यांचाही बनवतो. टीव्हीवरच्या मोठ्या सामन्यांत हाच बॉल वापरतात, कारण नुसता पांढरा बॉल फिरतोय की सरकतोय हे घरी बसलेल्या माणसाला कळत नाही. तशी कल्पना जुनीच आहे. बिलियर्ड्समध्ये पूर्वी दोन्ही खेळाडूंचे बॉल पांढरेच असत आणि ओळखू यावेत म्हणून एकावर काळे ठिपके देत. पुढे त्या ठिपकेवाल्याच्या जागी पिवळा बॉल आला. म्हणजे तेव्हाचे ठिपके फक्त बॉल कोणाचा ते सांगायचे. आताचे ठिपके माणूस कोण आहे ते सांगतात.

काय सांगतात ते मला भाच्याने एका संध्याकाळी शिकवलं आणि मी कबूल करतो, ती संध्याकाळ सुरेख गेली. बॉलच्या उंचीच्या साधारण ७० टक्क्यांवर, म्हणजे मध्याच्या वर, क्यू लागली की बॉल पहिल्या क्षणापासून घरंगळतो. लाल ठिपके एकामागून एक पुढे कोलांट्या घेत जातात, शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या पोरांसारखे. बरोबर मध्यावर जोरात मारला तर सुरुवातीला ठिपके हलतच नाहीत. बॉल पुढे जातोय, पण ठिपके जागच्या जागी, जणू ओल्या मोरीत साबणाची वडी सरकतेय. याच अवस्थेत तो समोरच्या बॉलवर अगदी सरळ आदळला तर आपला सगळा वेग त्याला देऊन स्वतः जागीच थांबतो. आणि मध्याच्या खाली मारला तर बॉल पुढे जातो आणि ठिपके मागे पळतात. तीन फूट मागे पळतात, मग कापडाच्या घासण्याने दमतात, मग क्षणभर स्थिर होतात, आणि मग मुकाट्याने पुढे घरंगळायला लागतात. लांबून मारलेला बॉल मागे का येत नाही, हे मला त्या क्षणी कळलं. पहाटे चौपाटीवर फिरायचं ठरवून निघालेला माणूस फणसवाडीच्या कोपऱ्यावर मिसळीचा वास आला की आधी मंदावतो, मग थांबतो, मग आत जातो. निश्चय खरा असतो, पण अंतर जास्त असतं.

हे सगळं फ्रान्सच्या कोरिओलिसने १८३५ साली गणिताने मांडून ठेवलंय, बिलियर्ड्सवर चांगलं पुस्तक लिहून. तोच कोरिओलिस, ज्याच्या नावाने वारे आणि वादळं वळतात. त्याला एकंदरीतच सरळ जाणाऱ्या वस्तूंविषयी संशय होता.

मग भाचा म्हणाला, "मामा, आता तुम्ही मारा. अगदी मध्यावर. काही द्यायचं नाही. साधा, सरळ."

मी मारला. ठिपके कोलांट्या घेत गेले खरे, पण तिरक्या. एखादा म्हातारा सायकलवरून पडता पडता जातो तसे. पुन्हा मारला. पुन्हा तिरके. भाच्याने मोबाइलवर संथ गतीत चित्रण केलं आणि मला दाखवलं. एक ठिपका भोवऱ्यासारखा बाजूला गरगरत होता आणि बाकीचे त्याच्या मागे लग्नाच्या वरातीसारखे डुलत होते.

"मामा," तो म्हणाला, "तुमच्या प्रत्येक शॉटला इंग्लिश आहे."

हे वाक्य मी त्याला पुन्हा म्हणायला लावलं. मी मराठी माध्यमात शिकलो. आम्हाला इंग्रजीची मुळाक्षरं पाचवीत भेटली आणि तेव्हापासून प्रगतिपुस्तकात 'इंग्लिश कच्चे' हा शेरा वर्षानुवर्षं पडत आला. पुढे नोकरीत वरिष्ठांनीही तोच शेरा जरा लांबवून लिहिला. त्या माणसाला साठी उलटल्यावर कोणीतरी म्हणत होतं, तुमच्याकडे इंग्लिश फार आहे, कमी करा. मी हिला हाक मारली. तिनेही ऐकावं अशी माझी इच्छा होती.

अमेरिकेत बॉलला दिलेल्या बाजूच्या फिरकीला 'इंग्लिश' म्हणतात, असं भाच्याने स्पष्ट केलं. इंग्लंडमध्ये म्हणे तिला नुसतं 'साइड' म्हणतात. म्हणजे इंग्रजांकडेही इंग्लिश नाहीच. "तुमची क्यू मध्यावर लागत नाही. केसभर उजवीकडे लागते. त्यामुळे बॉल निघतानाच किंचित डावीकडे सरकतो, वर फिरकी घेतो. समोरच्या बॉलला लागताना तुमचा नेम चुकलेला असतो."

"माझा नेम?" मी म्हणालो. घरातल्या स्टीलच्या डब्यांकडे मी बोट दाखवलं. त्यांपैकी रव्याचा डबा १९७९ सालचा आहे.

मग परीक्षा सुरू झाल्या. पहिली परीक्षा : बॉल टेबलाच्या मधल्या रेषेवर ठेवायचा, समोरच्या कुशनवर सरळ मारायचा. तो परत येऊन क्यूच्या टोकाला लागला पाहिजे. जगभर पूलवाले आणि स्नूकरवाले अगदी पहिल्या दिवसापासून हेच करतात. माझा बॉल परत येताना दर वेळी वीतभर उजवीकडे जायचा, शेजारच्या घरात वर्तमानपत्र मागायला निघाल्यासारखा. दुसरी परीक्षा जास्त अपमानास्पद. क्यूच्या टोकाला निळा चॉक चोळायचा, एक लाल ठिपका नेमका आपल्याकडे करायचा, आणि त्या ठिपक्यावर मारायचं. मारल्यावर बॉल उचलून पाहायचा. चॉकचा निळा डाग लालवर आहे की बाजूला? माझा बाजूला. उजवीकडे. वीस वेळा मारलं, वीस वेळा पुसलं, वीस वेळा उजवीकडे. गुन्हेगार स्वतःच आपल्या अंगठ्याचा ठसा देतोय आणि फौजदार नुसता डबीतून दुसरा चॉक काढतोय.

इथे थोडं बाजूला जाऊन सांगतो. चाळीत चूक दाखवणारी माणसं भरपूर होती, त्यामुळे मला चुका दाखवल्या जाण्याचं वावडं नाही. पण माणसांशी वाद घालता येतो. 'तुमच्या मुलाने गणितात काय दिवे लावले?' असं विचारलं की माणूस गप्प बसतो. ठिपक्याला मूलबाळ नसतं. तो काही बोलत नाही, खाकरत नाही, 'मी आधीच सांगितलं होतं' म्हणत नाही. असला समीक्षक मला सहन होत नाही. चार दिवस मी जुना पांढरा बॉल वापरला. पण एकदा आत काय चाललंय ते कळल्यावर पांढरेपणात पूर्वीची शांतता राहत नाही. मला त्या कोऱ्या बॉलवरही ठिपके दिसायला लागले.

महिनाभर मी इलाज केले. क्यूला वेगळी टिप लावली. पाय अर्धा फूट मागे घेतला. हनुवटी क्यूवर टेकवली. दाढी निळी झाली. युट्यूबवरचे परदेशी गुरू पाहिले. ते सगळे एकच सांगत होते : कोपर क्यूच्या बरोबर वर, घड्याळाच्या लंबकासारखं लोंबतं ठेवा, हात फक्त कोपरापासून मागे-पुढे. मला वाटत होतं, माझं तसंच आहे.

मग एका रविवारी भाच्याने चित्रण बॉलचं न करता माझं केलं. मागून.

चित्रणात एक गृहस्थ होते, त्यांचं उजवं कोपर बरगडीला शिवल्यासारखं चिकटलेलं होतं. गर्दीच्या लोकलमध्ये खिसा सांभाळतात तसं. क्यू मागे न्यायची म्हटल्यावर कोपराला जागा नसल्यामुळे मनगट वळत होतं आणि टोक पुढे जाताना अलगद उजवीकडे घसरत होतं. ते गृहस्थ मी होतो.

"मामा, कोपर एवढं आत का घेता? बाहेर येऊ द्या ना."

"पलीकडे कठडा आहे," मी म्हणालो.

मी हे विचार न करता म्हणालो. भाच्याने हॉलकडे पाहिलं. टेबलाभोवती चारी बाजूंनी आठ-आठ फूट मोकळी जागा. उजवीकडच्या भिंतीवर अग्निशमनाची लाल बाटली, तीही लांब. कठडा होता त्या गॅलरीला जाऊन सात-आठ वर्षं झाली होती, आणि त्या गॅलरीत मी शेवटचा कॅरम खेळल्याला त्याहून जास्त. पण माझं कोपर अजून त्याच्याशी भांडण नको म्हणून आत सरकत होतं. कठड्याला एक खिळा वर आलेला होता, तोही मला आठवला. सदऱ्याची उजवी बाही नेहमी तिथेच फाटायची. आई दर गणपतीआधी रफू करायची.

भाचा इंजिनियर असल्यामुळे त्याला उपाय लगेच सुचला : कोपराला दोरी बांधायची आणि दुसरं टोक वरच्या पंख्याला. हिने तेवढ्यात सोसायटीच्या पंख्यांना काही झालं तर भरपाई कोण देणार, हा प्रश्न काढला. तो अजून समितीपुढे आहे.

मला मात्र दुसरीच शंका आली होती. मी पिंपाला बोलावलं. त्याला ठिपक्यांच्या बॉलबद्दल मी तोपर्यंत अक्षर सांगितलं नव्हतं. खेळाडूने प्रतिस्पर्ध्याला सगळंच सांगायचं नसतं. तो बाजारहाट करून आला होता, एका हातात मासळीची पिशवी, ती त्याने टेबलाच्या पायाशी ठेवली. बॉल पाहिला आणि म्हणाला, "याला काय झालंय?"

"गोवर. मार."

"कुठे?"

"सरळ. मध्यावर. काही द्यायचं नाही."

त्याने चॉक लावला, फुंकर मारली, वाकला. मी मागे जाऊन उभा राहिलो. कोपर बरगडीला. अगदी माझ्यासारखं. तिथे, त्याच्या उजव्या हाताशी, १९७० साली पाण्याने भरलेलं पिंप होतं आणि त्याच्यावर पितळी तपेली. तपेलीला धक्का लागला तर काय आवाज होतो आणि त्या आवाजानंतर आतून त्याची आजी काय म्हणते, हे मला पाठ होतं. त्याने मारला. लाल ठिपके तिरक्या कोलांट्या घेत गेले, कुशनला लागले, आणि परत येताना वीतभर उजवीकडे सरकले. ज्या जागी माझा बॉल येऊन थांबायचा, जवळजवळ त्याच जागी थांबले.

भाच्याने बॉल उचलला, निळा डाग पाहिला, मग आमच्या दोघांकडे पाहिलं. "तुम्ही दोघं एकाच कोचकडे शिकलात का?"

पिंपाला प्रश्न कळला नाही. मला कळला, पण उत्तर लांबलचक झालं असतं. शिवाय मासे पायाशी होते. मी म्हणालो, "आता माझी पाळी," आणि वाकलो. पिंप समोरच्या बाजूला जाऊन वाकून पाहायला लागला, तो नेहमी पाहायचा तसा, एक डोळा मिटून.

तेवढ्यात हॉलच्या दारातून तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आल्या. चाळीतही तिसऱ्याच मजल्यावर होत्या, इथेही तिसराच मागून घेतलाय. त्यांना पलीकडच्या दाराने लिफ्टकडे जायचं होतं. हातात मेथीच्या दोन जुड्या. हॉल वीस फूट रुंद आहे, मी मोजलाय. काकू टेबलापाशी आल्या, अंग तिरकं केलं, साडीचा पदर आवरून घेतला आणि म्हणाल्या, "जरा सरका रे."

मी क्यू तशीच धरून पोट आत घेतलं. समोर पिंपानेही घेतलं. काकू आम्हाला न लागता अलगद निघून गेल्या.